पिकअप आणि भरवसा: पहिली गाडी घेणाऱ्या डॉक्टर मुलीला पत्र

चि. डॉक्टर बेटी,
अनेक आशीर्वाद.

तू तीन गाड्यांची नावं लिहून पाठवलीस. नागपूरला मिळत असलेली २०१७ ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, ह्युंदाईची नवी कोरी आय२० एन लाइन आणि बाबांच्या आग्रहाची स्विफ्ट. सोबत हेही लिहिलंस की घरात सगळे म्हणतात, गाडीनं पोचवलं म्हणजे झालं, तिच्यात मजा कसली शोधायची. आधी याबद्दलच लिहितो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि तुला स्टिअरिंग धरायला मीच शिकवलं. म्हणून खात्रीनं सांगतो, गाडी चालवायला आवडणं ही चैन नाही. ज्याला चालवायला आवडतं तो आरशात बघतो, टायरची हवा तपासतो, इंजिनाचा आवाज जरासा बदलला तरी त्याच्या कानाला कळतं. ही आवड मारून गाडी घेऊ नकोस. तशी घेतलीस तर दोन वर्षांत विकशील.

आता तुझी जागा बघ. घाटंजी तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, राहायला क्वार्टर, आणि सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष संपल्यावरही तिथेच थांबायचा तुझा विचार. रात्री-अपरात्री उपकेंद्रावरून फोन येणार. पुण्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर माणसाची एक दुपार जाते. तुझ्याकडे तोच दिवा लागला तर गाडी टोइंगवर चढून यवतमाळला जाते, तिथे निदान झालं नाही तर दीडशे किलोमीटरवर नागपूरला. मग सामान मागवा, वाट बघा, आणि तोवर डॉक्टरीणबाई काळी-पिवळीनं ड्यूटीवर. म्हणून गाडी विश्वासू आहे का, हे मी कंपनीच्या नावावरून ठरवत नाही. बिघाड झाला तर तो ओळखणारा माणूस किती लांब आहे आणि सुटा भाग किती दिवसांत हातात पडतो, हे विचारतो. एकच गाडी एका गावात भरवशाची असते आणि दुसऱ्या गावात नसते.

तुझ्या आजोबांच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरायचा, तू पाहिलेला आहेस. पटाची जोडी कोणी औताला जुंपत नाही. पण ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे, तो अशी निवडतो की दमणी म्हणजे बैलगाडीही ओढेल आणि मोकळ्या वाटेला कानात वारं भरल्यासारखी पळेल. तुझ्या दावणीला एकच जोडी राहणार आहे.

पोलोबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुझं मन तिच्यातच आहे, आणि ते का आहे हे मला कळतं. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, म्हणजे हवा दाबून आत भरणारं. १०५ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच), १७५ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, आणि तोही १५०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला दीड हजार फेरे झाले की लगेच. पायाखाली लगेच ताकद. दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज, वेगात रस्त्याला चिकटून राहणं, सगळं खरं आहे. अडचण गिअरबॉक्सची आहे. जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स येतो. त्यात दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेल नाही. गाडी धावत असताना क्लच पूर्ण धरलेला असतो, तेव्हा काही होत नाही. मुंगीच्या पावलानं सरकताना तो अर्धवट घासत राहतो आणि तापतो. आता नोव्हेंबर ते जानेवारीतला घाटंजी-पांढरकवड्याचा रस्ता डोळ्यांपुढे आण. जिनिंगच्या फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग, मधेच ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी, आणि आपण फूट-फूट पुढे सरकतो आहोत. या गिअरबॉक्ससाठी यापेक्षा वाईट काम नाही.

त्यात क्लच हलवणारं डोकं म्हणजे मेकॅट्रॉनिक. पंप, व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच पेटीत. २०१३ मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या या सात-गिअर डीएसजीच्या गाड्या परत बोलावून गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढलं आणि मिनरल तेल भरलं. कारण उष्ण-दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत या पेटीचा वीजपुरवठा बिघडू शकत होता. तुझी गाडी त्यानंतरची आहे, हे मान्य. पण मेकॅट्रॉनिक गेलं तर ते तालुक्याच्या गॅरेजमध्ये उघडता येत नाही. त्याला कंपनीचा स्कॅनर लागतो, पेटी लागते आणि भरपूर पैसा लागतो. आधीच्या मालकानं ती गाडी कशी चालवली हे तुला-मला कधीच कळणार नाही. शिवाय पोलो २०२२ मध्ये आपल्याकडे बंद झाली. आणि आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील यांच्यावर डोळा ठेवावा लागेल. एवढं ऐकूनही पोलोच हवी असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल शोध. ११० पीएसचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, हेच इंजिन कुटुंब कंपनीच्या टायगुन आणि व्हर्टस गाड्यांमध्ये चालू असल्यानं इंजिनाचं सामान मिळत राहील. नागपूरची डीएसजी मात्र नको.

मजा नेमकी कशात असते, यावर थोडा विचार कर. समृद्धी महामार्गाचं तू कौतुक करतेस. ७०१ किलोमीटरचा रस्ता आणि कारला १२० ची मर्यादा, पण तिथे स्टिअरिंग तासन्‌तास सरळ धरून बसायचं असतं. कोणतीही गाडी तिथे सारखीच वाटते. गाडीचं चालणं कळतं ते यवतमाळजवळच्या करळगाव घाटात, परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना, किंवा घाटंजीच्या बाजूच्या त्या अरुंद वळणांवर, जिथे साठ-सत्तरच्या वर जाताच येत नाही. अशा रस्त्यावर एन लाइनच्या १२० पीएसमधले निम्मे कधी बाहेरच येत नाहीत. तिथे सुख देते ती हलकी गाडी, नेमका बसणारा गिअर आणि वळणात काय चाललंय हे हाताला सांगणारं स्टिअरिंग. २०२४ च्या स्विफ्टमध्ये ८२ पीएस आहेत आणि ११२ न्यूटन-मीटर, तेही ४३०० आरपीएमला. कागदावर उतरलेले आकडे वाटतात. पण वजन सव्वानऊशे किलोच्या आत-बाहेर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन फिरवत ठेवलं तर ही गाडी घाटात हसवते.

टर्बोच्या बाजूनं एक गोष्ट मी मोकळेपणानं मांडतो, कारण ती तुझ्या जिवाशी संबंधित आहे. आपल्या दुपदरी रस्त्यावर कापसाच्या ट्रकला ओलांडताना समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ जाईल तितका चांगला. एन लाइनमध्ये १२० पीएस आहेत आणि १७२ न्यूटन-मीटर १५०० पासूनच. तिथे पाय दाबला की गाडी निघते. स्विफ्टमध्ये आधी गिअर खाली घ्यावा लागतो, आणि चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू असेल तर ट्रकमागे थांबायची तयारी ठेवावी लागते. उन्हाळ्यात यात आणखी भर पडते. २५ अंशांची हवा ४५ अंशांना सुमारे सहा टक्के विरळ होते, म्हणजे मे महिन्यात साध्या इंजिनाची ताकद तेवढी आपोआप उतरते. टर्बो ही तूट दाबानं भरून काढतो, पण स्वतः जास्त तापतो. त्यामुळे एन लाइन हा काही वेडा पर्याय नाही. घेतलीस तर २०२३ नंतरची, साध्या सहा गिअरच्या मॅन्युअलची घे. त्याआधीच्या क्लच-पेडल नसलेल्या आयएमटीच्या किंवा ड्युअल-क्लचच्या मागे लागू नकोस.

मला तिच्यात खटकतात ते टायर. एन लाइनला १९५/५५ आर१६ येतात, स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. चाकाची एकूण उंची जवळजवळ सारखीच, पण रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत एन लाइनला १०७ मिलिमीटर आणि स्विफ्टला १२०. तेरा मिलिमीटरचा हा फरक शोरूममध्ये दिसत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी नव्या जागी बसतो. अंधारात साठच्या वेगानं धारदार कडेच्या खड्ड्यात चाक गेलं की पातळ भिंतीचा टायर रिमवर चेपतो, साइडला फुगा येतो किंवा अलॉय रिम वाकते. वाकलेलं अलॉय घेऊन रात्री टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला रस्त्यात उभं राहणं तुझ्या वाट्याला येऊ नये. याच कारणासाठी कोणतीही गाडी घेतलीस तरी मोठे रिम बसवून घेऊ नकोस. तुझे मित्र सतरा इंचांचं सांगतील. ऐकू नकोस.

जुन्या फिएस्टा १.६ एस किंवा पालिओ १.६ कडेही तुझी नजर गेली आहे, हे तू पाठवलेल्या फोटोंवरून दिसतं. फिएस्टाचं स्टिअरिंग मला आजही आवडतं. पण फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, फियाटही आपल्याकडून गेली. या गाड्या घरात दुसरी गाडी असलेल्या माणसानं हौसेनं ठेवाव्यात.

आता माझं मत. स्वस्तात जुनी, २०२१ ते २०२४ मधली चार सिलिंडरची स्विफ्ट घ्यावी असं गॅरेजवाले तुला सांगतील. ९० पीएसचं ते इंजिन मला नव्या तीन सिलिंडरपेक्षा जास्त गोड वाटतं, फिरवलं की लगेच फिरतं. तरी ती घेऊ नकोस. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं २०२२ च्या चाचणीत त्या स्विफ्टला पाचपैकी एकच तारा दिला होता. आपल्या रस्त्यावर रात्री रोही (नीलगाय) आडवी येते, रानडुक्कर येतं, बिनदिव्याची ट्रॉली उभी असते. तिथे इंजिनाचा गोडवा मोजायचा नसतो. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा सगळ्या मॉडेलमध्ये आहेत. तीच घे, मॅन्युअल घे. हिच्या सुट्या भागांसाठी यवतमाळच्या पुढे जायची वेळ क्वचित येईल, आणि घाटंजीतला कोणताही जाणता मिस्त्री तिचं लोअर आर्म, लिंक रॉड, बुश असे चाकांजवळचे झिजणारे भाग डोळे झाकून बदलेल. एन लाइनसाठीच मन ओढत असेल तर वाढीव वॉरंटी घेऊन घे. मी रागावणार नाही. कर्जाचा हप्ता मात्र पगाराकडे बघून ठरव.

घेतल्यावरचं थोडं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही टाकू देऊ नकोस. आपल्याकडच्या जड पाण्यानं आत क्षार साचतात आणि मे महिन्यात इंजिन तापतं. कंपनीनं सांगितलेलं कूलंटच घाल. कापसाच्या दिवसांत एसीच्या जाळीवर तंतू आणि धूळ बसते, ती हलक्या हवेनं साफ करून घे. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी बदल, कारण ते पुस्तक पांदणीच्या धुळीसाठी लिहिलेलं नाही. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांब. इंजिनानं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ही दुरुस्ती साध्या विम्यात बहुतेक वेळा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. क्वार्टरजवळ धान्य साठवत असतील तर बोनेट अधूनमधून उघडून बघ, उंदीर वायर कुरतडतात. रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), मोठा सायलेन्सर यांत पैसे घालू नकोस. ते पैसे चांगल्या टायरसाठी ठेव. नवे म्हणून दिलेले टायरही आधी वाचून घे. टायरच्या कडेवर डीओटी असं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह दारव्हा रोडवर सपाट घेऊ नकोस. त्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या. रविवारी सकाळी ये, मी तयार राहतो. आई-बाबांना मागे बसवू, डिकीत काहीतरी जड ठेवू, एसी चालू ठेवू आणि करळगाव घाट चढू. चढावर मधेच थांबवून पुन्हा सोडून बघ, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये येऊन बघ, आणि स्पीड ब्रेकरवर तिरपी न घेता सरळ घे, खाली चेंबर, म्हणजे इंजिनाची तेलाची टाकी, घासतं का ते ऐक. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकामागून एक चालव. शोरूमवाल्यानं घाटात न्यायला नकार दिला तर माझ्या ओळखीच्या दुसऱ्या माणसाकडे तीच गाडी आहे, त्याला मी आजच फोन करून ठेवतो.

तुझे
सर