डॉट इन डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर घेतलं तर चालेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. दादरच्या तुमच्या ब्लाऊज शिवायच्या दुकानासाठी डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्यायला सरकारी ऑफिसात जावं लागतं का, वेबसाइट करणारा मुलगा "माझ्याच खात्यातून घेतो" म्हणतोय ते चालेल का, आणि पत्ता मराठीत मिळतो का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते: अजिबात नको. काम त्याच्याकडून करून घ्या, पण नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवरच करा.

गिरगावात माझी मावशी दिवाळीचा फराळ करून विकते. एका वर्षी ऐन दसऱ्यात तिच्या ऑर्डरी अचानक थांबल्या. वेबसाइट बंद, ईमेलही बंद. चकल्यांचा घाणा चालू असताना मी तिच्या ओट्याशी उभी राहून मोबाइलवर डोमेनची हू-इज नोंद, म्हणजे ते कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारी नोंद, उघडली. नोंदणीधारकाच्या रकान्यात मावशीच्या व्यवसायाचं नावच नव्हतं. तिथे वेबसाइट करून देणाऱ्याची कंपनी होती आणि मुदत संपून गेली होती. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, आणि त्याने तोवर हे काम सोडलं होतं. पैसे मावशीने दर वर्षी भरले होते, पण नोंदीत ती कुठेच नव्हती, त्यामुळे तिला काहीच मागता येईना. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण दोन मिनिटांत तपासता आलं असतं.

आता ही नोंद असते कुठे? डॉट इनचं सगळं दप्तर निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही ना-नफा कंपनी सांभाळते. आपण थेट तिच्याकडे जात नाही. तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्या, असतात, त्यांच्या साइटवर घरबसल्या नोंदणी होते. केवायसीसाठी ओळखपत्र हाताशी ठेवा. रजिस्ट्रार तुमचं नाव निक्सीच्या रजिस्ट्रीत चढवतो आणि तुमच्या वेबसाइटचा ठावठिकाणा सांगणारे नेमसर्व्हर कुठले तेही लिहितो. गिऱ्हाइकाने पत्ता टाइप केला की आधी जगाचे रूट सर्व्हर डॉट इनकडे बोट दाखवतात, मग डॉट इनचे सर्व्हर तुमच्या नेमसर्व्हरकडे.

मुंबईकर म्हणून मला अभिमान वाटतो तो याचा, की १९८९ मध्ये डॉट इन भारताला मिळालं तेव्हा त्याचा कारभार जुहूच्या एनसीएसटीकडे, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. तेव्हा नियम कडक होते. २००५ पासून नोंदणी सगळ्यांना खुली झाली, म्हणून आज तुमच्या-माझ्यासारख्यांना नाव मिळतं. काही नावं अजूनही राखीव आहेत. सरकारी खात्यांचं गव्ह डॉट इन एनआयसी या सरकारी संस्थेकडे, शिक्षणसंस्थांचं एसी डॉट इन अर्नेट या संस्थेकडे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना बँक डॉट इनवर जायला सांगितलं, तेही सामान्य माणसाला मिळत नाही.

नाव एक ते दहा वर्षांसाठी घेता येतं. पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा. मुदत संपली की नाव लगेच जात नाही. काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळतं, मग ३० दिवसांची रिडेम्प्शन मुदत, म्हणजे नाव सोडवून घ्यायची मुदत, लागते आणि तेव्हा भुर्दंड बराच पडतो. त्यानंतर ५ दिवसांत नाव मोकळं होतं आणि कुणीही उचलतं. मावशीचं तसंच गेलं. तुमच्या ट्रेडमार्कचं नाव कुणी वाईट हेतूने घेतलं तर डॉट इन नावांच्या वादांसाठीच्या आयएनडीआरपी धोरणाखाली लवादाकडे जाता येतं, पण तिच्याकडे ट्रेडमार्क नव्हता.

त्या मुलाने डोमेन आधीच घेतलं असेल, तर नोंदणीधारक म्हणून तुमचं नाव घालायला सांगा. मग त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड, मागून डोमेन तुमच्या खात्यात हलवा. नोंदणीला ६० दिवस झाले नसतील तर थांबावं लागेल, तोवर निदान नाव आणि ईमेल तरी बदलून घ्या.

आणि हो, मराठीत पत्ता मिळतो. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे. पाटीवर ते फार सुंदर दिसतं, जरूर घ्या. पण देवनागरी ईमेल पत्ता पुष्कळ ठिकाणी अजून स्वीकारला जात नाही, म्हणून सोबत डॉट इनही ठेवा आणि ईमेल त्यावरच चालवा.