वडील वर्षभर डायलिसिसवर आहेत, हातपाय बारीक होत चाललेत. प्रोटीन पावडर सुरू करावी का?

पावडरचं नंतर बघू. आधी सांगा, वडिलांच्या ताटात काय असतं?

आमच्या दादांना डायलिसिसच्या आधी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, ते बरोबरच होतं. डायलिसिस लागल्यावर पथ्य उलटतं, हे मात्र थोरल्या काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. साबुदाण्याची पेज, भात, दुधीची पातळ भाजी आणि वरणाचं नुसतं वरचं पाणी. मी तोंड उघडलं की "किडनीवाल्याला प्रोटीन म्हणजे विष." मग क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीत मोजतात तो टाकाऊ पदार्थ) नऊवरून सहावर आलं आणि काका पेढे घेऊन आले. त्या दिवसांत दादांना खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागत होते, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. डायलिसिस तेवढंच असताना स्नायू झिजले तरी आकडा उतरतो. त्याला किडनी सुधारली म्हणायचं? वजनही तेवढंच दिसत होतं, कारण झिजलेल्या मांसाची जागा पाण्याने भरली होती. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, नव्याने ठरवलं तेव्हा कुठे खरं काय ते कळलं.

डायलिसिसवरच्या माणसाला रोज किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. प्रत्येक डायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात ती वेगळीच. वरणाच्या पाण्यावर हे भागणार कसं? अंडं चालत असेल तर पांढरा भाग उत्तम, त्यात फॉस्फरस नगण्य. दादा माळकरी, म्हणून आम्ही घट्ट वरण आणि पनीर वाढवलं, जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी घासांबरोबरच. रक्तातलं बायकार्बोनेटही तपासून घ्या, ते आम्ल आटोक्यात ठेवतं. ते २२ च्या खाली राहिलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही, आम्लामुळे स्नायू तुटतच राहतात. आणि "आराम करा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. खुर्चीवरून उठबस रोज झालीच पाहिजे, नुसत्या खाण्याने मांड्या भरत नाहीत.

पावडर ताटातून भागत नसेल तरच, तीही किडनीच्या आहारतज्ज्ञाने लिहून दिलेली. जिमवाली नको, तिच्यात पोटॅशियम-फॉस्फरस किती ते बघावं लागतं. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताने जड उचलू देऊ नका. पोटॅशियम वाढलेलं असेल तर डाळीचं प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि ज्यांचं डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, त्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

घरात आमच्या काकांसारखं कुणी असेल तर पुढच्या वेळी त्यांनाच आहारतज्ज्ञाकडे सोबत न्या. आम्ही ते केलं नाही म्हणून भांडण लांबलं.