प्रॉडक्शन आणि क्वालिटीवाल्यांचं अजिबात पटत नाही, रोज मेलवर भांडणं होतात, मॅनेजर म्हणून काय करू?

पहिलं म्हणजे ती मेलामेली बंद करा. सीसीत अख्खी कंपनी घालून लिहिलेले मेल फक्त पुढेमागे पुरावा म्हणून दाखवायला असतात. मी रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबला) होते, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमची एक पावडर होती, हवेतलं पाणी पटकन ओढणारी. मॉइश्चरचं लिमिट ०.५ टक्के. पाऊस सुरू झाला की बॅचमागून बॅच फेल. प्रॉडक्शनवाले म्हणायचे लॅबवाल्यांना टेस्टिंग येत नाही, लॅबवाले म्हणायचे हे ड्रायर पुरता चालवत नाहीत, आणि महिनाअखेरीला डिस्पॅच अडकला की जीएम सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर विचारणार, "चूक कोणाची?" मी तेव्हाच म्हटलं होतं, सर, कोणाची ते राहू दे, कुठे होतेय ते एकत्र जाऊन बघू. त्यांना वाटलं क्यूसी अंग काढून घेतंय.

शेवटी मी प्रॉडक्शनच्या शिफ्ट इन्चार्जना थेट फोन केला की साहेब, सॅम्पल काढताना मी प्लांटला येते, मग टेस्टिंगला तुम्ही लॅबला या. हेल्परने स्कूपने पावडर बाटलीत भरली, झाकण नुसतं वर ठेवलं आणि ट्रे घेऊन भर जुलैच्या पावसात पत्र्याच्या पॅसेजमधून लॅबकडे निघाला. तिथेही नंबर लागेपर्यंत ट्रे टेबलावर तसाच. मग त्याच ड्रममधून आम्ही दुसरं सॅम्पल काढलं, झाकण घट्ट, वरून पॅराफिल्म (हवा आत जाऊ न देणारी पट्टी), आणि लगेच कार्ल फिशरला, म्हणजे मॉइश्चर मोजायच्या मशीनला लावलं. ट्रेमधली बाटली ०.६८, ही ०.३१. इन्चार्ज मशीनसमोरच उभे होते, आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

त्यानंतर सॅम्पल काढायला प्लांटचा एक आणि लॅबचा एक, दोघं जायचे, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. ऑगस्टात बाहेर धो धो चालू असताना बॅचेस पास व्हायला लागल्या. पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. एका रात्री त्या इन्चार्जचा आपणहून फोन आला, "मॅडम, ड्रायरचं टेम्परेचर मध्येच पडलं होतं, ही बॅच नीट बघून घ्या." आधी असलं काही झालं की दाबून टाकायचे. तुमच्याकडे विश्वास बसलाय का हे बघायचं तर एवढंच बघा, वाईट बातमी समोरचा स्वतःहून सांगतोय का.

प्रॉडक्शनला टनावर इन्सेंटिव्ह आणि क्वालिटीला कस्टमर कंप्लेंटवरून ओरडा असं असेल तर ते तुम्हालाच वर बोलून बदलावं लागेल, खालच्यांच्या हातात नाही. आणि कंपनी कसली ते तुम्ही लिहिलं नाहीत, फार्मा असेल तर जुळवून घ्यायच्या नादात क्वालिटी प्रॉडक्शनच्या हाताखाली देऊ नका, शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) प्रमाणे ती स्वतंत्रच लागते. पटतंय म्हणून फेल बॅच सोडायची नसते.

पिकनिकवर मात्र पैसे घालवू नका. आमचे जीएम अजून सांगत असतात की कर्जतच्या टीम बिल्डिंगनंतर दोन्ही डिपार्टमेंट एकत्र आली. कर्जतला आम्ही डिसेंबरात गेलो होतो. बॅचेस ऑगस्टपासून पास होत होत्या, रजिस्टरला दोन्ही सह्यांसकट नोंद आहे.