बाझलमध्ये घर कुठे घ्यावं, आणि आई-बाबांच्या बॅगेत काय नको

प्रश्न: नवऱ्याला स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझल शहरातल्या औषध कंपनीत नोकरी मिळाली आहे. तिथली घरभाडी बघून डोळे पांढरे झाले. ओळखीचे लोक सांगतात, ट्रामने पलीकडे जर्मनीत जा, निम्म्या खर्चात राहाल. मुलगी चार वर्षांची आहे. मे महिन्यात आई-बाबाही यायचं म्हणताहेत. काय करावं?

उत्तर: पलीकडच्या घराचा विचार आत्ताच सोडा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यांच्याकडे बहुधा युरोपियन पासपोर्ट असणार. भारतीय पासपोर्टवर स्वित्झर्लंडचा परमिट मिळाला, तर राहायचंही स्वित्झर्लंडमध्येच. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहून रोज कामाला येणाऱ्यांसाठी 'जी' परमिट असतो. तो आपल्याला हवा असेल, तर आधी त्या शेजारी देशात कायम वास्तव्याचा हक्क आणि सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असणं लागतं. मुंबईहून थेट येणाऱ्याकडे ते कुठून असणार? भाडं वाचवायचंच असेल तर शहराबाहेर, बाझल-लांडशाफ्ट या शेजारच्या प्रांतातली गावं बघा. ट्राम तिथवर जाते.

बाझलची गंमत हीच आहे की सीमा माणसाला जाणवत नाही. आठ नंबरची ट्राम जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला जाते, तीन नंबरची फ्रान्समधल्या सँ-लुईला. विमानतळ तर अख्खा फ्रेंच जमिनीवर आहे, आणि त्यातून बाहेर पडायला स्विस आणि फ्रेंच असे वेगळे दरवाजे आहेत. आई-बाबांना स्विस दरवाजाने यायला सांगा. 50 नंबरची बस तिथून थेट मुख्य स्टेशनवर आणते. पण कागद, सामान आणि फोन यांना सीमा पुरेपूर जाणवते. घरात बसल्या बसल्या फोन परक्या देशाचं नेटवर्क पकडतो आणि बिल वाढतं. नवा प्लॅन घेताना दोन्ही शेजारी देशांचं रोमिंग त्यात आहे का ते विचारा, नाहीतर रोमिंग बंदच ठेवा.

पोहोचल्यावर 14 दिवसांच्या आत नोंदणी करायची. आरोग्यविम्याला तीन महिन्यांची मुदत असते, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, त्यामुळे रेंगाळून काही वाचत नाही. लेकीचंही लगेच बघा. बाझल-श्टाटमध्ये, म्हणजे शहराच्या प्रांतात, 31 जुलैपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना ऑगस्टपासून बालवाडी सक्तीची असते. ती जर्मनमध्ये चालते आणि सरकारी बालवाडीला फी नाही. इंग्रजी शाळेचे आकडे विचारण्याआधी ही बघाच. थोड्या दिवसांनी लेक आपली आपण चालत जायला लागेल, तेव्हा काळजीनं पाठोपाठ जाऊ नका; इथे मुलांनी एकट्यानं जाणं हीच रीत आहे.

आता आई-बाबांची बॅग. मनाला लागेल, पण सांगते: भारतातून साजूक तूप, पेढे, खवा काहीही आणता येत नाही. बिगर-युरोपीय देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ताजी फळं आणि पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे हापूस गेला आणि कढीपत्ताही गेला. नारळ मात्र चालतो! गोडा मसाला, मेतकूट, कुरडया, पापड खुशाल भरा. औषधं साधारण महिन्याभराची, चिठ्ठीसकट.

जर्मनीत वाणसामान स्वस्त मिळतं, म्हणून शनिवारी सगळं बाझल तिकडे लोटतं. तुम्हीही जाल. 50 युरोंच्या वर खरेदी असेल तर जर्मन कर परत मिळवायला जकातीत कागदावर शिक्का घेतात. मात्र परतताना माणशी दिवसाला 150 फ्रँकपर्यंतच करमाफी आहे. 2025 च्या आधी ती 300 होती. मटण-चिकन एक किलोच्या वर गेलं तर वेगळं शुल्क, आणि ते चांगलंच लागतं. पासपोर्ट प्रत्येकानं जवळ ठेवावा, ट्राममध्ये तपासणी होऊ शकते. आई-बाबांनी वाइलला जाऊन आल्यानं व्हिसा संपत नाही, शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, आतच असतो आपण. पण 180 दिवसांतले 90 दिवस तिकडचे-इकडचे मिळूनच मोजले जातात.

फिरवायला त्यांना आधी म्युन्स्टर या लाल वालुकाश्माच्या जुन्या चर्चला न्या. जुन्या काळचा डच विद्वान इरॅस्मस याची समाधी तिथे आहे. चर्चच्या मागच्या गच्चीवरून खाली उतरलं की होडी मिळते. तिला इंजिन नाही. तारेला बांधलेली ती ऱ्हाइनच्या प्रवाहावरच पलीकडे जाते. गुडघे दुखत असतील तर उतरायच्या पायऱ्या विचारात घ्या. उन्हाळ्यात पोरंटोरं कपडे पिशवीत कोंबून नदीत झोकून देतात. प्रवाह जोरदार असतो, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीच जावं. दुपारी रस्त्यावरच्या कारंज्याचं पाणी प्या, ते पिण्याचंच असतं, आणि बाटलीचे पैसे वाचतात.