दोन वर्षं उभी होती, आता आमची जुनी यामाहा आरएक्स 100 बाईक रेस दिली की दम का तोडते? (नागपूर)
बहुतेक कार्बोरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) मेन जेट, म्हणजे रेस दिल्यावर पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजलाय. रोज टू-स्ट्रोकवरच काम करतो म्हणून सांगतो, आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि तळाला चिकट पिवळा थर उरतो, तोच जेटच्या भोकात जाऊन बसतो. दम तोडताना चोक (हवा कमी करणारा खटका) थोडा ओढून बघा, गाडीनं उचल घेतली तर पेट्रोल कमी पोचतंय हे पक्कं. जेट काढून क्लीनर मारा, हवा मारा, पण तार घालू नका हो, भोक मोठं होतं मग सेटिंगच बसत नाही. मात्र चोकनं उलट जास्त दबली तर जेटचा नाद सोडा, एअर फिल्टर आणि सायलेन्सरमधला कार्बन बघा. आणि तोवर गाडी ताणू नका, पेट्रोल कमी म्हणजे इंजिन जास्त तापतं, पिस्टन जाम होतो.