२००५ची टाटा १६१३ (ट्रक) रोज पाणी खाते, खाली थेंब नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. मेस्त्री हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडू म्हणतोय. उघडू का, की आधी स्टॉप-लीक (गळती बुजवायचं औषध) टाकून बघू?

हेड उघडू नका. स्टॉप-लीक तर अजिबात टाकू नका. आधी ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसर तपासा.

तुम्ही लिहिलंय की रोज दोन-अडीच लिटर पाणी घालावं लागतं, ऑइल स्वच्छ आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही आणि झाकण काढून इंजिन चालू ठेवलं की बुडबुडे दिसतात. एवढ्यावर मेस्त्रीने हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेल्याचा निकाल दिला. अगदी हाच निकाल आमच्या घरात दिला गेला होता आणि त्याचे पैसे आम्ही मोजलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची गाडी तुमच्यासारखीच, १६१३, जमशेदपूरचं टाटा कमिन्स ६बीटी इंजिन. दादाच्या नावावर होती, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. चिपळूणकडून जांभा चिरा भरून कुंभार्ली घाटाने वर कराडला यायची. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपर्यंत तापमानाचा काटा मधोमध, आणि घाट चढायला लागला की वर. ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकायची. ड्रायव्हर आबा घाटात गाडी कडेला घ्यायचे, तास तास थंड होऊ द्यायचे, कॅनमधलं पाणी घालायचे आणि पुढे निघायचे. पार्किंगला मात्र गाडीखाली जमीन कोरडी ठणठणीत.

मामांचं गॅरेज होतं. घरचाच माणूस असल्यामुळे गाडी तिकडे गेली. मामांनी झाकण उघडलं, बुडबुडे बघितले आणि पुढच्या मिनिटाला म्हणाले, हेड पॅकिंग. हेड उतरलं, लेथवाल्याकडे फेसिंग (घासून सपाट करणं) झालं, नवीन गॅस्केट बसलं. जाता जाता मामांनी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला, "आपल्याकडे याची गरज नाही" म्हणून. गाडी चिरा भरून निघाली आणि घाटात पुन्हा तेच. मग मामा म्हणाले, ब्लॉकला क्रॅक आहे, दुसरा ब्लॉक बघा.

उतरवलेलं जुनं गॅस्केट मी गॅरेजच्या कोपऱ्यातून उचलून घरी आणलं होतं. गॅस्केट गेलं असेल तर कुठेतरी खूण असते. सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कडीवर काळा पट्टा, जळाल्याची वाट, दोन भोकांमध्ये तुटलेला भाग, काहीतरी. सहाच्या सहा कड्या मी बोट फिरवून बघितल्या. एकीवरही खूण नव्हती. हे मी मामांना दाखवलं तर म्हणाले, "तू हिशेब बघ. इंजिनातलं तुला काय कळतं?"

खरा धागा आबांच्या बोलण्यातून सापडला. चेसिसखालच्या हवेच्या टाक्यांचं पाणी ते रोज सकाळी सोडायचे. बोलता बोलता म्हणाले, "मालक, टाकीतनं हल्ली हिरवं पाणी येतंय." हवेच्या टाकीत पाणी साचतंच, पण ते तेलकट, मळकट असतं. हिरवं म्हणजे कूलंट, रेडिएटरच्या पाण्यात घालतात ते. कूलंट हवेच्या टाकीत जायला वाट एकच, कंप्रेसर. या गाडीत कंप्रेसरच्या हेडला इंजिनाचंच पाणी फिरतं, एक पाईप आत, एक बाहेर. आतमध्ये सात-आठ किलो हवा तयार होते आणि रेडिएटरचं झाकण किलोभर दाबही धरत नाही. मधलं पॅकिंग सुटलं की हवा पाण्यात घुसते आणि पाणी ओव्हरफ्लोने बाहेर ढकललं जातं. तेही चालत्या गाडीत, रस्त्यावर, म्हणून पार्किंगला थेंब दिसत नाही. इंजिन बंद झाल्यावर उलटं होतं. कंप्रेसरमध्ये हवेचा दाब उरत नाही, गरम पाण्याचा उरतो, म्हणून पाणी कंप्रेसरच्या सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला टाकीत फेकलं जातं.

मामांना हे सांगितलं. "हवा ती हवा, पाणी ते पाणी, दोघांचा काय संबंध?" असं चार माणसांत म्हणाले.

मग मी दारातच तपासणी केली. तुम्हीही हीच करा, कुणाला विचारायची गरज नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड हवं. टाक्यांची हवा सगळी सोडून द्या. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, झाकण काढलेलं ठेवा. स्टार्ट करून इंजिन जरा वर ठेवा. एकाने केबिनमध्ये हवेच्या काट्याकडे बघायचं, दुसऱ्याने रेडिएटरच्या तोंडाकडे. आमच्याकडे काटा शून्यावरून चढायला लागला तसे बुडबुडे सुरू झाले, एकसारखे, आधण आल्यासारखे. काटा आठाच्या जवळ गेला, अनलोडरने (टाकी भरली की हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) फुस्स केलं आणि बुडबुडे थांबले. पाणी एकदम सपाट, तोंडात माझा चेहरा दिसावा इतकं. आबांनी ब्रेक मारून मारून हवा उतरवली, कंप्रेसरने पुन्हा लोड घेतला, बुडबुडे पुन्हा सुरू. परत फुस्स, परत बंद. दादा शेजारी उभा होता, त्याला काही समजावावं लागलं नाही.

हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस येत असेल तर त्याला अनलोडरशी काही देणंघेणं नसतं. इंजिन चालू आहे तोवर बुडबुडे येतच राहतात आणि रेस वाढवली की वाढतात. फरक इतका सरळ आहे. हे सगळं थर्मोस्टॅट उघडायच्या आत, पहिल्या काही मिनिटांत उरका. नंतर पाणी खळखळायला लागतं आणि नीट दिसत नाही. खात्री करायची असेल तर कंप्रेसरचे दोन्ही पाण्याचे पाईप काढा, इंजिनाकडची दोन तोंडं पाईपच्या एका तुकड्याने जोडून टाका आणि दोन मिनिटं जागेवर इंजिन चालवा. बुडबुडे गेले की विषय संपला. तशी गाडी रस्त्यावर काढू नका, कंप्रेसर बिनपाण्याचा जळतो.

कंप्रेसर उघडला तेव्हा पॅकिंग हवेच्या भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत फाटलेलं होतं आणि प्लेटवर कार्बनचा थर होता. हवा टाकीकडे नेणारा डिलिव्हरी पाईपही आतून कार्बनने अर्धा बुजलेला. हेच मूळ कारण. पाईप बुजला की हवा अडते, कंप्रेसर जास्त तापतो, पॅकिंग जातं. नुसतं पॅकिंग बदलून पाईप तसाच ठेवलात तर काही महिन्यांत तेच काम परत करावं लागेल. आम्ही पॅकिंग किट, प्लेट आणि पाईप बदलला, टाक्या आणि ब्रेकचे व्हॉल्व्ह साफ करून घेतले, कारण कूलंट गेलेल्या ब्रेकवर घाट उतरणं धोक्याचं. हेडच्या कामाच्या चौथाईतही हा खर्च आला नाही.

मामा आजही लोकांना सांगतात की ती गाडी त्यांनी हेड काढून नीट केली. म्हणून सांगतो, नात्यातल्या गॅरेजला गाडी लावू नका. बाहेरच्या मेस्त्रीला "आधी प्रेशर लावून दाखवा" असं म्हणता येतं, घरच्याला म्हणता येत नाही. ज्याच्याकडे रेडिएटरला प्रेशर लावायचा हातपंप नाही, त्याने पाण्याच्या गळतीचं निदान करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) नसेल तर हेडला हात लावू नये. या इंजिनाला सहा सिलिंडरला मिळून एकच हेड आहे, २६ बोल्ट, टप्प्याटप्प्याने आवळून शेवटी ९० अंश फिरवायचे. अंदाजाने आवळलेलं हेड म्हणजे नवीन गळतीला आमंत्रण.

थर्मोस्टॅटवर मामांशी माझं अजून पटत नाही. व्हॉल्व्ह इंजिन लवकर गरम करतो, तसाच पूर्ण उघडल्यावर बायपासची वाट बंद करून पाणी रेडिएटरकडे पाठवतो. काढून टाकला तर काही पाणी थंड न होताच इंजिनात परत फिरतं, आणि चढावर तेच बाधतं. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून बघा, ८०-८५ अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, बोअरचं पाणी चालतं, हे म्हणणंही तितकंच चुकीचं. कूलंट गंज आणि क्षार रोखतं आणि पाणी उकळायचा बिंदू वर नेतं.

स्टॉप-लीक किंवा हळद दोन्ही रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि ऑइल कूलर बुजवतात. कंप्रेसरच्या पॅकिंगला त्याने काडीचा फरक पडणार नाही.

आता बाकीचं. बुडबुडे काटा चढतानाच येतात की कायम, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कायम येत असतील तर मेस्त्री बरोबर असू शकतो. अनलोडरच बिघडून हवा सोडत नसेल तरी बुडबुडे थांबणार नाहीत, म्हणून अशा वेळी पाईप जोडून बघायची तपासणी केल्याशिवाय हेडकडे जाऊ नका. बुडबुडे मुळीच नसतील तर पहाटे थंड इंजिनाला टॉर्च घेऊन बघा. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या भोकाशी ओघळ, होजच्या क्लिपांशी पांढरा-हिरवा थर. काही गळत्या थंडच असताना होतात आणि गरम झाल्यावर बंद पडतात. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर आधी ऑइल कूलरकडे वळा. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जातं. कुणी लायनरचं रबर गेलं म्हणालं तर त्याला नमस्कार करून निघा, या इंजिनात लायनर (ब्लॉकमध्ये बसवायच्या वेगळ्या नळ्या) नाहीत, बोअर थेट ब्लॉकमध्ये आहे.

आणि एवढं करूनही हेडच उघडायचं ठरलं, तर उतरवलेलं गॅस्केट मेस्त्रीकडे सोडू नका. घरी आणा, उजेडात सहाही कड्या बघा आणि फोटो इथे टाका.