'कलरिझम'ला मराठीत काय म्हणावे?

एक्स-मेन चित्रपटांवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे. त्यांचे वाक्य असे होते: "हॅली बेरी कृष्णवर्णीय असली तरी पुरेशी कृष्णवर्णीय नाही, त्यामुळे स्टॉर्मच्या भूमिकेसाठी तिची निवड हा वर्णद्वेषच होता." संपादकांनी समासात 'म्हणजे काय?' एवढेच लिहून लेख परत पाठवला. तर इंग्रजीतल्या 'कलरिझम'ला, म्हणजे एकाच वंशाच्या माणसांत त्वचेच्या रंगावरून होणाऱ्या भेदाला, मराठीत शब्द आहे का, आणि नसेल तर 'वर्णद्वेष' चालेल का?

'वर्णद्वेष' चालणार नाही. शब्द हवाच असेल तर 'रंगभेद' घ्या, पण लेखात तो पहिल्यांदा येईल तिथेच त्याचा अर्थ एका वाक्यात सांगून टाका. अर्थात संपादकांची अडचण या एका शब्दापुरती नाही. तुमच्या वाक्यात 'कृष्णवर्णीय' दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यांदा तो वंश सांगतो, दुसऱ्यांदा त्वचेचा रंग. वाचणाऱ्याला एकच शब्द दिसतो, मग तो विचारणारच.

आधी वाद नेमका काय, ते पाहू. स्टॉर्म ही एक्स-मेनमधली सुपरहिरो, खरे नाव ओरोरो मन्रो. लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी १९७५ साली तिला मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आणले. आई केनियाच्या राजघराण्यातली, वडील अमेरिकन ब्लॅक, जन्म न्यू यॉर्कचा आणि बालपण कैरोतले. त्वचा तपकिरी, केस पांढरेशुभ्र, डोळे निळे. पडद्यावर २००० साली तिला हॅली बेरीने साकारले आणि २०१६ मध्ये तरुण स्टॉर्म म्हणून अलेक्झांड्रा शिप आली. या दोघींचेही वडील ब्लॅक आणि आई गोरी. दोघी वंशाने ब्लॅक आहेत, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. २००२ साली प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली ब्लॅक अभिनेत्री ही बेरीच. आक्षेप वेगळा आहे. ब्लॅक स्त्रीपात्रासाठी शोध सुरू झाला की हॉलिवूडचा शोध वारंवार फिकट त्वचेच्या अभिनेत्रीपाशी येऊन संपतो, आणि गडद त्वचेच्या अभिनेत्रीला स्वतःसारख्या दिसणाऱ्या पात्राची भूमिकासुद्धा मिळत नाही, असे आक्षेप घेणारे म्हणतात.

याच्या शेजारी २०१८ चे दुसरे प्रकरण ठेवून पाहा. 'टायटन्स' या मालिकेत स्टारफायर ही भूमिका सेनेगलमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना डिओपला मिळाली. स्टारफायर परग्रहावरची, कॉमिक्समध्ये तिची कातडी चक्क नारिंगी आहे. तरीही डिओपची छायाचित्रे बाहेर येताच समाजमाध्यमांवर तिला इतकी शिवीगाळ झाली की तिने इन्स्टाग्रामवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. नारिंगी बाईच्या भूमिकेत गोरी चालते, ब्लॅक चालत नाही, असा हा हिशेब. याला खुशाल 'वंशद्वेष' म्हणा, किंवा रूढ आहे म्हणून 'वर्णद्वेष' म्हणा. इथे ब्लॅक असणे हाच गुन्हा ठरला. स्टॉर्मच्या वादात ब्लॅक असणे ही तर पहिली अट होती. भेद झाला तो ब्लॅक स्त्रियांमधल्याच कमी गडद आणि जास्त गडद अशा दोघींत.

असा भेद होऊ शकतो, कारण अमेरिकेत वंश आणि रंग या गोष्टी कायद्यानेच एकमेकींपासून तोडल्या. पूर्वजांत आफ्रिकी रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस ब्लॅक, हा तिथला नियम. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये तो कायद्यात बसवला. त्यामुळे जवळजवळ गोरा दिसणारा माणूस आणि शाईसारखा काळा माणूस एकाच खान्यात गेले, आणि मग त्या खान्याच्या आत पुन्हा उतरंड लागली. काही ब्लॅक क्लबांच्या दारात तपकिरी कागदी पिशवी धरून, तिच्याहून गडद असलेल्याला आत घेत नसत, असे सांगतात. 'कलरिझम' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांना दिले जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तो वापरला तो याच अर्थाने: एकाच वंशाच्या माणसांना निव्वळ रंगावरून मिळणारी बरीवाईट वागणूक.

आता मराठीकडे. 'वर्ण' हा शब्द आपल्याकडे फार ओझे वाहतो. रंग म्हणजे वर्ण, अक्षर म्हणजे वर्ण, आणि चातुर्वर्ण्यातलाही तोच. वर्ण म्हणजे रंग, म्हणून वर्णव्यवस्था म्हणजे गोऱ्या आर्यांनी काळ्या अनार्यांवर लादलेली व्यवस्था, हे समीकरण बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्रांच्या उत्पत्तीवरच्या १९४६ च्या ग्रंथात खोडून काढले होते. मूळ 'वर्ण' शब्दाचा त्वचेच्या रंगाशी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. ते बाजूला ठेवले तरी 'वर्णभेद' म्हटले की मराठी वाचकाला नेल्सन मंडेला आणि दक्षिण आफ्रिका आठवते, आणि 'वर्णद्वेष' म्हटले की जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवरचा गोऱ्या पोलिसाचा गुडघा. या दोन्ही जागा भरलेल्या आहेत. तिथे तिसरा अर्थ कोंबू नये.

राहिला 'रंगभेद'. हिंदीत तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेसाठी वापरतात आणि हिंदीवरून उचललेल्या बातम्यांतून तसा मराठीतही येतो, हे खरे. पण मराठीत तो अजून तितका घट्ट बसलेला नाही, आणि त्यात 'रंग' उघड दिसतो, म्हणून माझे मत त्याच्या बाजूने. 'छटाभेद' असाही एक शब्द कुणीतरी सुचवेल. अर्थाला तो चोख आहे, पण बोलून पाहा, रंगाच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते.

'कृष्णवर्णीय' या शब्दाबद्दल माझी तक्रार जुनी आहे. साठ-सत्तरच्या दशकात मराठीत 'निग्रो वाङ्मय' हा शब्दप्रयोग सर्रास होता. पुढे 'निग्रो' अपमानकारक ठरला आणि वृत्तपत्रांनी सभ्य पर्याय म्हणून 'कृष्णवर्णीय' घेतला. सभ्य आहे, पण समूहाची ओळख सांगायला त्याने रंगाचेच वर्णन पुढे केले. अमेरिकेत २०२० पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था वंशाच्या अर्थी 'ब्लॅक'चे पहिले अक्षर मोठे काढते आणि नुसता काळा रंग असेल तेव्हा लहान. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे ती सोय आपल्याला नाही. आपल्याला सोय आहे ती उसन्या शब्दाची. वंशासाठी 'ब्लॅक' लिहा, रंगासाठी मराठी विशेषण. हा शब्द मराठीला नवाही नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीचे नाव डोळ्यांपुढे ठेवून, आणि तेव्हा कुणी 'कृष्णवर्णीय चित्ता' असे भाषांतर केले नाही. (तुमच्या लेखात याच नावाचा चित्रपट येणार असेल तर 'ब्लॅक पँथर हा चित्रपट' असे स्पष्ट लिहा. कॉमिक्समधले पात्र आणि ती पार्टी, दोन्ही १९६६ चीच. पात्र काही महिने आधीचे.)

खरी कसरत रंगाच्या विशेषणांत आहे. मराठीत त्यांची कमी नाही: गोरापान, गोरागोमटा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळाकुळकुळीत, काळाकभिन्न. यातला एकही शब्द तटस्थ नाही. केस आणि डोळे 'काळेभोर' असतात, ते कौतुक. रात्र 'काळीकुट्ट', माणूस 'काळाकभिन्न', तिथे धाक आला. 'तुकतुकीत काळी' असे कुणी म्हणाले तर त्यात थोडे कौतुक ऐकू येते, पण ते तकाकीचे. विठोबाला बिनदिक्कत काळा म्हणणारी जीभ लग्नाच्या मुलीपाशी आली की 'सावळी' म्हणते, फारच झाले तर 'रंगाने जरा डावी, पण नाकीडोळी नीटस'. त्या 'पण'मध्ये अख्खा कलरिझम मावतो. 'डावी' म्हणजे उणी, हे आपण इतके गृहीत धरले आहे की कुणाला खटकतही नाही.

म्हणून 'डार्क-स्किन्ड' याचे भाषांतर 'सावळी' करू नका. 'सावळी' हा शब्द काळेपणा झाकायला वापरला जातो, आणि गडद त्वचेच्या अभिनेत्रींची मागणी नेमकी तो झाकू नये अशी आहे. 'लाइट-स्किन्ड'साठी 'उजळ' तर मुळीच नको. उजळणे म्हणजे सुधारणे, 'उजळ माथ्याने' म्हणजे निष्कलंक. बेरीला उजळ म्हटले की ज्या पक्षपाताबद्दल आपण लिहितो आहोत तोच आपल्या वाक्यातून झाला. मी 'गडद त्वचेची' आणि 'फिकट त्वचेची' ही जोडी वापरतो. 'फिकट'ला किंचित आजारी छटा आहे, मान्य. पण दोन्ही शब्द कापड-कागदाचे आहेत, मुलगी पाहायच्या कार्यक्रमातले नाहीत, तेवढे पुरेसे.

'उजळ'वरून आठवले. गडद त्वचा कॅमेऱ्यात नीट येत नाही, ही निवड करणाऱ्यांची जुनी सबब, आणि तिला तंत्राचा आधार होता. कोडॅकच्या छपाईत रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचे छायाचित्र असलेले कार्ड ठेवत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा बरोबर दिसली की छपाई बरोबर. गडद चेहऱ्यांचे बारकावे त्यात बुडाले तर ती चूक मोजायलाच कुणी नव्हते. ही सबब आता उरलेली नाही. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मध्ये लुपिता न्योंगो, डनाई गुरिरा आणि लेटिशिया राइट या तिघी गडद त्वचेच्या अभिनेत्री पडदाभर वावरल्या आणि चित्रपटाने जगभर शंभर कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. याच चित्रपटाच्या निवडप्रक्रियेतून अमांडला स्टेनबर्गने आपण होऊन माघार घेतली होती. तिची आई ब्लॅक आणि वडील डॅनिश. तिथली पात्रे गडद त्वचेची आफ्रिकी माणसे आहेत, त्यात आपण शोभणार नाही, अशा अर्थाचे ती बोलली. ती ब्लॅक आहे, आणि तरीही ही जागा आपली नाही असे तिला वाटले. 'कृष्णवर्णीय' हा एकच शब्द वापरून हा प्रसंग मराठीत सांगून पाहा, जमणार नाही.

तर तुमचे वाक्य मी असे लिहीन: "हॅली बेरी ब्लॅक आहे, पण स्टॉर्मइतकी गडद त्वचेची नाही. ब्लॅक अभिनेत्रींमध्येही फिकट त्वचेला झुकते माप देणारा हॉलिवूडचा रंगभेद या निवडीत दिसतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे." लांबले आहे, पण संपादक आता समासात काही लिहिणार नाहीत. 'टीकाकारांचे म्हणणे' हे शेपूट मी मुद्दाम ठेवले. एका निवडीमागचा हेतू सिद्ध करता येत नाही. अनेक निवडींचा कल दाखवता येतो, आणि तुमच्या मूळ वाक्यातला 'वर्णद्वेषच' मधला तो 'च' त्या पुराव्यापुढे धावत होता.

लेखात पुढे 'ब्लॅकफेस' येणार असेल तर तिथे खड्डा आहे. तोंडाला काळे फासणे याचा मराठीत अर्थ बेअब्रू करणे, किंवा हल्ली एखाद्या कार्यालयात घुसून शाई ओतणे. एकोणिसाव्या शतकात गोरे अमेरिकन नट चेहरा काळा रंगवून ब्लॅक माणसांची टवाळी करत, ती गोष्ट वेगळी. 'ब्लॅकफेस' असेच लिहा आणि अर्थ सांगा. गायिका नीना सिमोनवरच्या २०१६ च्या चित्रपटात झोई सल्डानाची त्वचा गडद रंगवली आणि कृत्रिम नाक लावले. सल्डाना स्वतः आफ्रिकी वंशाची, म्हणून हा रूढ अर्थाचा ब्लॅकफेस नव्हे, पण गडद त्वचेची अभिनेत्री घ्यायचे टाळून रंगाचा डबा उघडला गेला. ती भूमिका करायला नको होती, असे २०२० मध्ये तिने जाहीरपणे म्हटले. मार्व्हलच्या चित्रपटांत तिलाच गमोरा म्हणून हिरवी रंगवतात, त्याबद्दल कुणी भांडत नाही, कारण हिरव्या अभिनेत्री कामाविना घरी बसलेल्या नाहीत. मराठीपुरते म्हणायचे तर 'रंग माझा वेगळा' ही मालिका सावळ्या नायिकेची कथा सांगत होती, आणि तिच्यात रेश्मा शिंदे यांना मेकअपने गडद केले होते. त्या प्रकाराला मराठीत अजून नाव नाही, मीही देत नाही.

दोन किरकोळ गोष्टी. वकांडाच्या, म्हणजे 'ब्लॅक पँथर'मधल्या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या, लोकांना गमतीत 'हबशी' म्हणू नका. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आणि मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या इतिहासात तो शब्द जागेवर आहे, पण आजच्या बोलण्यात तो शिवीकडे झुकतो. आणि स्त्री सुपरहिरोसाठी 'महानायिका' नको. आपल्याकडे ती चित्रपटातली मोठी तारका होते, 'सुपरहिरोईन'चेही तेच. 'डॉक्टर आल्या' जसे चालते तसे 'सुपरहिरो आली' चालायला हरकत नाही, लिंग क्रियापद सांगेल.